गोधड्यांमागचा कोमुझ

अपा,

गोधड्यांची चवड काढताना मागे तुमचा कोमुझ सापडला. तारा तुटल्यात. त्या बसवून आणायला बाजारात गेलेय, रागवा खुशाल. कणीक झाकून ठेवलीय, बोर्सोक मी येऊन तळते.

'सुनेनं वाजवायचं नसतं' म्हणत तुमच्या सासऱ्यांनी तुमचं वाजवणं बंद केलं, हे शेजारच्या गुलसून मावशींनी सांगितलं. सासरे गेले, त्यांची मनाई मात्र अजून आपल्या दस्तरखानावर जेवायला बसते. मी गुणगुणले की तुम्ही दटावता आणि मग दाराआड उभ्या राहून सगळं गाणं ऐकता. मला दिसतं ते.

संध्याकाळी वाजवा. बोटं विसरली असतील तर खुशाल चुका. मी समोर बसून ऐकणार आहे. चहा तुमचा मुलगा ओतेल.

तुमची सून,
जिपारा