पुडीसकट वजन

१२ जाने., काळेवाडी
गिऱ्हाईक समोर असताना फौजदारांनी पंच म्हणून ओढलं. सोन्याचा काटा घेऊन या, बारीक वजन लागतंय. चौकात सतीश धरलेला. मागच्याच गल्लीतला, चाकणला कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतो. खिशात एमडीची, त्या नशेच्या पावडरीची पुडी. डबल शिफ्टला डोळा लागू नये म्हणून घेतो म्हणे. गाढव लेकाचा! पुडी काट्यावर ठेवली, सव्वादोन ग्रॅम. म्हटलं, "साहेब, प्लास्टिकचं वजन वजा करू?" "हात लावू नका, सील करायचंय." सही केली न् आलो.

१५ फेब्रु.
सतीशच्या वकिलानं गाठलं. माल दोन ग्रॅमच्या आत असता तर लगेच जामीन, शिक्षा फार तर वर्षाची. वर गेला की दहा वर्षांपर्यंत. अरे देवा. प्लास्टिकच चार गुंजा, म्हणजे अर्धा ग्रॅम भरतं! जन्मभर डबी वजा करून सोनं तोललं, आणि माणूस तोलला तो डबीसकट.

३ मार्च
हवालदार चहाला. "शेठ, मोठा मासा धरायला वर्ष जातं. पुडीवाला सकाळी धरला की संध्याकाळी आकडा वर. वरून आकडाच मागतात, आम्ही काय करणार?" जाता जाता दारात वळून, "चोरीचं सोनं घेतलं म्हणून कधी तुमचं नाव येऊ दिलंय का?" कधी घेतलंच नाही, तर येईल कसं? पण येतं. पुनावळ्याच्या एका सोनाराचं आलं, दुकान बसलं त्याचं. मला भीती वाटते, इथं तरी लिहितो.

२० ऑक्टो.
सतीशच्या केसमध्ये साक्षीचं समन्स. ही म्हणते, "आठवत नाही म्हणा, मोकळे व्हा. पोरींची लग्नं व्हायचीत." तिचं तरी काय चुकलं.

२२ ऑक्टो.
सतीशची बायको वर्षा आली, पोरीचे कान टोचायला. बाप आत असताना झालेली पोर. केवढी रडली! वर्षा लातूरकडची, बोलायला फटकळ. "काका, सोनारानंच कान टोचावं म्हनत्यात. मग कोर्टाचं बी टोचा की." पैसे घेतले नाहीत.

५ नोव्हें., कोर्ट, जेवणाची सुट्टी
सरकारी वकील: वजन तुमच्याच काट्यावर? हो. सही तुमचीच? हो. संपलं. आता सतीशचा वकील विचारणार, पुडीसकट केलं का. फौजदारांनी वडापाव आणून दिला, शेजारीच बसलेत. काय लिहिता, विचारलं. हिशेब, म्हटलं. समोरच्या बाकावर वर्षा. पोर सारखी कानाला हात लावतेय, डावा अजून लाल आहे. वडापाव तसाच कागदात गुंडाळून ठेवला.

पुकारा झाला.