जुन्या चपलेच्या बदल्यात

सोमवार
नवी नोकरी झकास. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घरच. मागं पलंग, ओटा, न्हाणीघर, पुढं माझी ऐसपैस सीट. मालक म्हातारा-म्हातारी, काका-काकू म्हण म्हणाले. वाटेतली छोटी संग्रहालयं बघत हिंडायचं, एवढंच काम. आधीचा ड्रायव्हर शेवटच्या संग्रहालयात भेटेल, असं काकू म्हणाली. ताईनं दिलेली वही आज उघडली. माझी शाळा लवकर सुटली, अक्षरं गिरवून घेतली ती ताईनंच. ही फेरी संपली की थेट तिच्याकडे. भाचा चालायला लागला म्हणे, अजून त्यानं मामाचं तोंड बघितलं नाही.

मंगळवार
सकाळी कुलपांचं संग्रहालय, दुपारी छत्र्यांचं. कुलपं बघायला कोण एवढं डिझेल जाळतं? काका एकेका काचेपुढं असे उभे, की पायाला मुळं फुटावीत. डोकं फिरलं माझं. निघताना ते तिथल्या बाईला एखादी वापरलेली वस्तू देतात, ही त्यांची पद्धत. आज माझी झिजलेली चप्पल मागितली आणि बदल्यात कोरे बूट दिले. म्हातारा येडा आहे, आपलं फावलं.

बुधवार
ब्रेक पायाला कळत नाही. खाली बघून दाबावा लागतो. काका म्हणाले, बूट नवे आहेत, होईल सवय. बूट काढले तरी तेच. फरशी गार की गरम, पत्ता नाही.
आज बटणं. अर्धा दिवस नुसती बटणं. वैतागून बाहेर बसलो, तर काकू येऊन माझ्या मफलरचं कौतुक करायला लागली. आईनं विणलेला, द्यायचा नव्हता. पण तिच्या हातात लोकरीचा कोट होता आणि वारं झोंबत होतं. दिला.

गुरुवार
आईचा आवाज आठवेना. तोंड हलताना दिसतं, आवाज नाही. ती जाऊन वर्षं झाली, तेवढाच उरला होता माझ्याकडे. मागं फिरू, मफलर परत आणू म्हटलं. काका म्हणाले, अरे बाळा, काचेत गेलं की ते संग्रहालयाचं. मी किल्ली टेबलावर आपटली, खड्ड्यात गेली नोकरी म्हणालो. काकू चहा गाळता गाळता म्हणाली, जा की, पण जाशील कुठं?
ताईकडे. ताईचं गाव — नाव जिभेवर येईना. फोनमध्ये असेल — फोन सकाळीच काकांनी बदलून दिला. जुन्याची काच तडकलेली. मीच खुशीत दिला.

शुक्रवार
शेवटचं संग्रहालय. एकच मोठी काच. आत गाडीच्या सीटवर माणूस, हात स्टिअरिंग धरल्यासारखे. कोरे बूट, लोकरीचा कोट. पुतळा वाटला. पण काचेवर आतून वाफ धरते, विरते, पुन्हा धरते.
शेजारी रिकामी सीट.
पळालो. पाय कुठं पडतो तेच कळेना, पायरीवर कोसळलो. काकूनं मायेनं उचललं.

शुक्रवारच
काका नवी वही घेऊन उभे आहेत. ही जुनी मागतात. घाई नाही म्हणाले, पान पुरं कर.
बारीक अक्षरात लिहितोय. पान संपायला नको —
ही गेली की अक्षरं जातील. ताई जाईल.
काकांनी वहीचं टोक धरलंय. ओढत नाहीत, नुसतं धरलंय —
ताई, भाच्याला सांग, मामा निघाला होता. तू मला हाक मारायचीस ना, ती