ब्लॉक आहे, कट नाही

८ सप्टेंबर, सोमवार

नांदगावहून भागीताईचा फोन. सृष्टीचं नाशिकच्या फार्मसी कॉलेजात नाव लागलं. आमच्या खानदानात सायन्सला जाऊन टिकलेली ही पहिली मुलगी. मी बातमी ऐकता ऐकता खुर्चीतून उभाच राहिलो.

कॉलेजच्या फीचं शिष्यवृत्तीत भागेल. प्रश्न होस्टेलचा. वर्षाचे पैसे एकरकमी, तेही येत्या सोमवारपर्यंत. ताई म्हणाली, बघू, पोरगी शहरात पहिल्यांदाच राहणार, कोणाच्या तरी नजरेखाली असली म्हणजे बरं. एवढं बोलून ती थांबली. तिला काय हवंय ते मी लगेच ओळखलं. म्हटलं, ताई, होस्टेल मामा भरणार. विषय संपला.

ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. आनंदाची बातमी घरात सांगायची घाई असणार.

छायाला सांगितलं. ती कणीक मळत होती. म्हणाली, पण त्यांनी होस्टेलचे पैसे मागितले होते का? काही लोकांना न बोललेलं कळत नाही.

पैसे आहेत. आरडी मॅच्युअर होऊन सेव्हिंगला पडली आहे. संकल्प: सोमवारपर्यंत त्या रकमेला हात लावायचा नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

ताई, झुंबर दाजी आणि सृष्टी शनिवारी येणार, सोमवारी होस्टेलचं काम उरकून दाजी-ताई परत. म्हणजे दोन रात्री मुक्काम. अडचण एकच: आपलं घर.

इंदिरानगरात वन बीएचके म्हटल्यावर लोकांना बरं वाटतं, पण आत येऊन बघावं. हॉलच्या भिंतीला ओल धरली आहे. दाजींनी नांदगावला स्लॅबचं घर बांधलंय, जिन्यालासुद्धा टाइल्स. अशा माणसाला माझ्या हॉलमध्ये जमिनीवर गादी टाकून देऊ?

तोडगा निघाला. त्र्यंबक रोडला नवीन हॉटेल झालंय. लिफ्ट, एसी, काचेचा दरवाजा. दोन रूम बुक केल्या. छाया म्हणाली, आपल्या लग्नात याच हॉलमध्ये अकरा माणसं झोपली होती. ती माणसं वेगळी होती, असं मी म्हणालो. ती म्हणाली, त्यात ताई आणि दाजी होते.

हॉटेलचा खर्च पगारातून करणार, आरडीतून नाही. दोन्ही एकाच खात्यात आहेत हे खरं. पण ऑफिसात मी अकाउंट्सच्या टेबलावर उगाच बसत नाही. माझ्या डोक्यात ती दोन खाती आहेत.

११ सप्टेंबर, गुरुवार

दाजींचा फोन. रोख बरोबर आणू का विचारत होते. मी हसलो. म्हटलं, दाजी, गाडीत चोऱ्या होतात, आणि आता रोख कोण घेतं? सगळं कार्डावर. तुम्ही फक्त या. ते म्हणाले, "तुमी म्हनता तर नाय आनत."

माणसाला पटवून सांगितलं की पटतं.

१३ सप्टेंबर, शनिवार

मंडळींना नाशिक रोड स्टेशनवरून रिक्षाने थेट हॉटेलवर नेलं. ताईने विचारलं, आधी घरी नाही का जायचं? म्हटलं, आधी फ्रेश व्हा. तिच्या हातात पिशवी होती, त्यात माझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि छायासाठी साडी. पिशवी तिने लॉबीतल्या सोफ्यावर ठेवली नाही, मांडीवर घेऊन बसली.

काउंटरवर संजना नावाची मुलगी. तिने कार्ड मागितलं. मी डेबिट कार्ड दिलं. ती म्हणाली, सर, क्रेडिट कार्ड असेल तर ते द्या. रूमचं भाडं आणि वर खाण्यापिण्याचं डिपॉझिट आम्ही ब्लॉक करतो. क्रेडिट कार्डावर नुसती लिमिट अडकते, डेबिटवर खात्यातले खरे पैसे अडकतात.

बँकेने पाठवलेलं क्रेडिट कार्ड माझ्या पाकिटात आहे. अजून वापरलेलं नाही. क्रेडिट म्हणजे उधारी. दाजी मागेच उभे होते, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "मॅडम, आमच्या घरात उधारीवर काही चालत नाही."

ती म्हणाली, ठीक आहे सर, पैसे ब्लॉक होतील, कट होणार नाहीत. मी मान हलवली. अशा वेळी मान हलवण्याची एक पद्धत असते, ती मला येते.

फोनमध्ये दोन मेसेज वाजले. पाहिले नाहीत. पाहुण्यांसमोर फोनमध्ये डोकं घालणं असभ्यपणा.

रूम पाहून दाजी म्हणाले, लय थंडी हाय. मी एसी कमी करायला गेलो, तो बंदच पडला. म्हणजे मी बंद केला. पण मुद्दाम.

१४ सप्टेंबर, रविवार

सगळ्यांना त्रिरश्मी लेण्यांवर नेलं. सृष्टी भराभर चढली, वर जाऊन बुद्धमूर्तीपुढे हात जोडून बराच वेळ उभी राहिली. ताई अर्ध्या पायऱ्यांवर बसली, मी तिच्या सोबतीला बसलो. सोबतीलाच. दम वगैरे नाही.

ताईने विचारलं, तुझ्या घरापासून कॉलेज किती लांब? म्हटलं, लांब कुठलं, एका बसचं काम. ती म्हणाली, अस्सं. मग विचारलं, छायाला घरात एकटं वाटत असेल ना, तुझा सनी पुण्याला गेल्यापासून? म्हटलं, अजिबात नाही, मुलगा जवळ नसला तरी तिला शिवणकाम असतं. ताई पायथ्याकडे बघत राहिली. तिला लवकर दमायला होतं आता.

घरी आल्यावर छायाने माझा फोन चार्जिंगला लावताना मेसेज पाहिले. म्हणाली, अहो, खात्यातून केवढी रक्कम गेलीय. मी शांतपणे सांगितलं, गेलेली नाही, ब्लॉक आहे. तिने विचारलं, मग ती उद्या होस्टेलला वापरता येईल का? म्हटलं, रक्कम आपलीच आहे ना? ती म्हणाली, माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या.

उत्तर अर्थात आहे. उद्या सकाळी अंमलात आणतो.

१५ सप्टेंबर, सोमवार. सकाळ

युक्ती सुचली आहे. साधी आहे, म्हणूनच कोणाला सुचत नाही. बिल क्रेडिट कार्डाने भरायचं. बिल भरलं गेलं की हॉटेलला माझ्या डेबिटवरचे पैसे धरून ठेवायचं कारणच उरत नाही. दोरी सुटली की बादली खाली. दुपारी होस्टेल, संध्याकाळी मंडळी गाडीत.

उधारीबद्दलचं माझं मत तेच आहे. हे तात्पुरतं.

१५ सप्टेंबर. दुपार

बिल क्रेडिट कार्डाने भरलं. संजनाने पुन्हा काहीतरी समजावलं. बिल त्याच डेबिट कार्डावर घेतलं तर ब्लॉक केलेल्यातूनच वळतं होईल आणि उरलेलं सोडता येईल. दुसऱ्या कार्डावर घेतलं तर डेबिटवरचं सगळंच सोडायला आम्ही आजच बँकेला कळवू, पण बँक ते मोकळं करायला काही दिवस घेते. "काही दिवस" हे हॉटेलवाले सगळ्यांनाच सांगत असणार. मी मान हलवली.

आता कॉलेजच्या होस्टेल ऑफिसबाहेर बाकावर बसून लिहितोय. कार्ड एकदा घासलं. डिक्लाइन. मशीन जुनं वाटतं. पुन्हा घासलं. फोनवरून पाठवून पाहिलं, अपुरी शिल्लक. क्रेडिट कार्ड दिलं. त्याची लिमिट सकाळच्या बिलात संपलेली.

क्लार्क बाईंनी सांगितलं, एकच बेड उरलाय, पाचपर्यंत थांबते. मी म्हटलं, तोपर्यंत येतील पैसे. दाजींना सांगितलं, बँकेचं सर्व्हर डाउन आहे. छाया म्हणाली, भावाला फोन करते. मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. दाजी म्हणाले, नांदगावला दोस्त हाय, पाच मिनिटात टाकतो पैसे. मी म्हटलं, दाजी, मामा जिवंत असताना हे बोलणं शोभतं का? त्यांनी फोन खिशात ठेवला.

ॲप उघडतोय, बंद करतोय. शिल्लक दिसते, पण तिच्याशेजारी "उपलब्ध" नावाचा वेगळा आकडा दिसतो. हा आकडा कोणी शोधून काढला कोण जाणे.

१५ सप्टेंबर. रात्री

साडेचारला मालेगावची एक मुलगी वडिलांबरोबर आली. वडिलांकडे डीडी होता. क्लार्क बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फोनकडे पाहिलं. पाच वाजल्यावर बाईंनी त्या मुलीचं नाव लिहून घेतलं. बाईंचं काही चुकलं नाही. मी भांडायला उठलो होतो, पण भांडायला काही मुद्दा सापडला नाही.

बाहेर आलो. सृष्टी रडली नाही, हेच वाईट. ती म्हणाली, मामा, असू द्या, मी रोज जाऊन येऊन करते. नांदगावहून. रोज. मी म्हटलं, तसं जमेल बहुतेक. काय बोलतोय ते माझं मलाच कळत नव्हतं.

ताई गेटजवळच्या कट्ट्यावर बसली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिने माझा हात धरला. लहानपणी शाळेत नेताना धरायची तसा, मनगटाला.

"जयराम," ती म्हणाली, "आठ दिस झाले, मी वाट बघतीय. 'माझ्याकडं राहू दे पोरीला,' एवढं तू म्हनावं. तू होस्टेल म्हनला. मग हाटेल म्हनला. मला वाटलं, तुला आमी घरात नको हाय."

भिंतीची ओल, जिन्याच्या टाइल्स, काय सांगू? दाजी रस्त्याकडे बघत होते. त्यांनाही तसंच वाटलेलं दिसलं.

छाया म्हणाली, ताई, मी मंगळवारीच सनीचं कपाट रिकामं केलंय. ह्यांनाच कधी सांगावं कळत नव्हतं.

सगळे घरी आलो. छायाने पिठलं-भाकरी केली. दाजींनी ओलीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, वरच्यांचा पाइप गळतोय, माणूस पाठवतो. मला वाटलं होतं ते हसतील. त्यांनी तिसरी भाकरी मागितली.

गाडी चुकली होती. सगळे हॉलमध्येच झोपले. दाजी घोरतात, म्हणून मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय.

१६ सप्टेंबर, मंगळवार

ताई-दाजींना सकाळच्या गाडीत बसवलं. मग बँकेत गेलो. जरा चढ्या आवाजात सुरुवात केली. मॅनेजर बाईंनी खुर्ची दिली, तसा आवाज उतरला. त्यांनी सांगितलं, हॉटेलने सोडल्याचं कळवलंय, पण आमच्याकडून मोकळं व्हायला थोडे दिवस जातील. शेवटी त्यांनी विचारलं, आपण कुठे काम करता? मी म्हटलं, सरकारी ऑफिसात. कुठल्या टेबलावर ते सांगितलं नाही.

संकल्प: यापुढे हॉटेलात क्रेडिट कार्डच द्यायचं, आणि बिलही त्याच कार्डाने. दुसरा संकल्प: यापुढे हॉटेलात जायचंच नाही. दोन्हींपैकी एक पाळणार.

२२ सप्टेंबर, सोमवार

पैसे सुटले. सकाळी ॲपमध्ये दोन्ही आकडे सारखे दिसले. छायाला जाऊन सांगितलं, बघ, म्हटलं नव्हतं, ब्लॉक आहे, कट नाही. ती सृष्टीच्या ॲप्रनला बटणं लावत होती. म्हणाली, बरं झालं. एवढंच. मी जरा वेळ उभा राहिलो, मग आलो.

ताईला फोन करून सांगितलं, होस्टेलचे पैसे आता सृष्टीच्या नावावर टाकतो. ती म्हणाली, टाक बाबा, पन आधी भिंत कर. दाजींचा माणूस उद्या येणार आहे.

बेडरूममध्ये आता छाया आणि सृष्टी. मला हॉल. व्यवस्था मीच सुचवली. म्हणजे त्या दोघींनी ठरवली आणि मी नाही म्हणालो नाही.

जेवताना मी सृष्टीला म्हणालो, काही असो, तुझ्या आईबाबांना दोन रात्री गादीवर चांगली झोप मिळाली. सृष्टीने मामीकडे पाहिलं. मामी हसायला लागली. मग सृष्टी म्हणाली, मामा, आई दोन्ही रात्री खाली झोपली. ती गादी आत जायची म्हणे, चिखलात रुतल्यासारखी. दुसऱ्या रात्री बाबा पण खाली आले. त्या कार्पेटवर गरम व्हायचं. आई म्हणत होती, जयरामच्या घरी फरशी तरी गार असती.

आता दोघी झोपल्या. मी हॉलमध्ये सतरंजीवर आहे. सतरंजी बाजूला करून फरशीवर हात ठेवून पाहिला.

गार आहे.