प्लॅटिनमच्या खाणीतला संप

नागोया, गुरुवार, रात्री उशिरा

आज केलं ते बरोबर की चूक, कळत नाही. आमच्या कंपनीच्या गाड्यांचा धूर स्वच्छ करायला लागणारं प्लॅटिनम दक्षिण आफ्रिकेतून येतं आणि तिथल्या खाणीत संप चाललाय. सकाळच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब मोरी-सान शांतपणे म्हणाले, "काळजी नको. आज पोलीस खाण मोकळी करतील." मोकळी म्हणजे कशी? कुणीच विचारलं नाही.

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी थांडी मूळची तिथलीच. तिचा भाऊ सिफो त्याच खाणीत, त्याच संपात आहे. मीटिंगमधलं बाहेर बोलायचं नसतं. तरी जेवणाच्या सुट्टीत तिला जिन्यात गाठून सांगितलंच. तिकडे पहाट होती; तिने लगेच फोन लावून त्याला झोपेतून उठवलं. तो हसला. "ताई, गोऱ्यांचं राज्य कधीच गेलं. आता पोलीस आपलेच आहेत. पगार वाढवून मागितला म्हणून आपल्याच माणसांवर गोळ्या घालतील?"

तिला थोडं बरं वाटलं. मला नाही. 'मोकळी' हा शब्द दिवसभर डोक्यात घुमतोय.

आत्ताच तिचा मेसेज आला. सिफोचा फोन कुणा परक्या माणसाने उचलला आणि काही न बोलता ठेवून दिला.

ती घरी एकटी आहे. मी निघतेय तिच्याकडे.