एवारिस्तोच्या कुकरची शिट्टी

शनिवार, ४ सप्टेंबर १९९३, सागुआ

आलो एकदाचे! घोडागाडीतून सामान उतरवता उतरवता कंबरेचा काटा ढिला झाला, पण घर बघितलं आणि सगळा शीण पळाला. प्लासेतासच्या दोन कोंदट खोल्यांच्या बदल्यात हे एवढं ऐसपैस घर मिळालं, यावर पापांचा अजून विश्वास बसत नाही. मधे अंगण, अंगणात आवोकाडोचं झाड, एका टोकाला स्वयंपाकघर आणि दुसऱ्या टोकाला वर्कशॉप. चक्क धातू कातायच्या लेथसकट! कासिमिरो नावाचा टर्नर इथे राहायचा, गेल्या वर्षी वारला. त्याच्या बायकोला आमच्या प्लासेतासच्या खोल्यांत, बहिणीजवळ जायची इतकी घाई होती की ती भिंतीवरची टूल्ससुद्धा तशीच टांगून गेली. मी कशाला विचारायला जाऊ, का म्हणून? मिळालंय ते घ्यावं आणि गप्प बसावं.

आठवडाभर मी साखर कारखान्यात यंत्रं दुरुस्त करते आणि शनिवार-रविवारी घरी तेच करते. पापा म्हणतात, तुला नवरा मिळाला नाही तो यामुळेच, तुझ्या नखांतलं ग्रीस बघून पळतात बिचारे. मी म्हटलं, पळतात तेच बरं, नाहीतर त्यांचीही दुरुस्ती माझ्याच गळ्यात पडली असती. पापा खो खो हसले. आई गेल्यापासून असे हसले नव्हते.

दुपारभर लेथचा गंज घासला. जुना आहे, पण अजून ताठ आहे.

रविवार, ५ सप्टेंबर

या गल्लीत काहीच कुणा एकाचं नाही. हातोडी एक, ती फिरते. सुटे भाग तर कुठेच मिळत नाहीत, म्हणून कुकरच्या शिट्ट्यासुद्धा फिरतात. ज्याच्याकडे घेवडा शिजायचाय त्याच्या घरी शिट्टी जाते आणि मग ती परत मागायला चार घरं पालथी घालावी लागतात. आमची शिट्टी पापांनी आल्या आल्याच समोरच्या ब्लासामावशींना देऊन टाकली. पहिल्याच दिवशी! दानशूर कर्णच की. मी बडबडले, तर म्हणाले, शिट्टी गेली म्हणजे ओळख झाली.

ब्लासामावशींचा पंखा नीट करून दिला. रशियन धुलाई यंत्राची मोटर आणि टेलिफोनचं बूड, त्यावर पत्र्याची पाती. गल्लीत सगळ्यांचे पंखे असलेच आणि सगळे कासिमिरोच्या हातचे.

संध्याकाळी शेजारचा एवारिस्तो डोमिनो घेऊन आला. गल्लीच्या समितीचा, म्हणजे सरकारच्या वतीने गल्लीवर नजर ठेवणाऱ्यांचा, म्होरक्या आहे. एकटा राहतो, बोलायला गोड. पापांशी लगेच गट्टी जमली. मी त्याला वर्कशॉप दाखवायला बोलावलं तर अंगणातच थबकला. म्हणे मला तेलाच्या वासाने मळमळतं. वयाची तीस वर्षं कारखान्यात काढलेल्या माणसाला तेलाचा वास! मी चेष्टा केली, तो हसला नाही.

शनिवार, ११ सप्टेंबर

आज गंमतच झाली. पाण्याच्या पंपाचं बुश, म्हणजे दांड्याभोवतीची धातूची कडी, कातत होते. काम झालं, बटण बंद केलं, तरी लेथचा चक, धातू पकडून फिरणारा जबडा, फिरतच राहिला. सुरुवातीला वाटलं, वेगामुळे असेल. पण किती वेळ? मी हात पुसले, पाणी प्यायले, तरी हळूहळू फिरतोय. मग बटण पुन्हा तपासलं. बंदच होतं.

आणि दुसरं. शेवटचा हात मारताना उजव्या मनगटावर कुणीतरी हात ठेवल्यासारखं वाटलं. दाबलं नाही. आपण नवशिक्याचं बोट धरून वळवतो ना, तसं जरासं वळवलं. बुश असं उतरलं की मी बघतच राहिले. माझ्या हातून इतकं सफाईदार काम कधी झालेलं नाही. भीती वाटली का? खरं सांगते, नाही वाटली. उलट हेवा वाटला.

रविवार, १९ सप्टेंबर

आज वाटली.

वीज सकाळीच आली म्हणून कामाला लागले होते. अंगणात एवारिस्तो आला आणि पापांना मोठ्याने हाक मारली. त्याचा आवाज ऐकताच लेथचा वेग वाढला. मी कशाला हात लावला नव्हता. पट्टा किंचाळायला लागला, टूलचं टोक तुटून माझ्या कानाजवळून भिंतीत जाऊन बसलं. कान चरचरतोय अजून. एवारिस्तोने तो आवाज ऐकला आणि डोमिनोचा डाव अर्धा टाकून घरी गेला. थोड्या वेळाने त्याच्या घरातला रेडिओ इतक्या जोरात लागला की पापांना वाटलं बहिरा झाला की काय.

मी तशीच ब्लासामावशींकडे गेले. कासिमिरो कसा वारला ते सांगा म्हटलं. आधी नाही नाही म्हणाल्या. मग दार लावून घेतलं, आणि बोलायला लागल्या तेव्हा थांबेनात.

कासिमिरोची बाही चकमध्ये अडकली. लेथने हात ओढून घेतला. त्या वेळी एवारिस्तो तिथेच होता, कारखान्यातून चोरलेली पितळेची कांब कातून घ्यायला आलेला. बटण एवारिस्तोपासून हाताच्या अंतरावर. नुसतं दाबायचं होतं. पण माणसं जमली असती आणि कांब दिसली असती. म्हणून त्याने काय केलं? कांब उचलली, बाहेर आला आणि वर्कशॉपच्या दाराला बाहेरून कडी घातली. घरी जाऊन रेडिओ मोठा केला. कासिमिरो ओरडत होता, मोकळ्या हाताने लेथच्या पत्र्यावर ठोकत होता. गल्लीला वाटलं, ठोकाठोक चाललीय, रोजचीच आहे. ब्लासामावशींनी समोरच्या खिडकीतून, अंगणाच्या उघड्या फाटकातून सगळं पाहिलं, एवारिस्तोची बगलेत मारलेली कांबसुद्धा. समितीच्या म्होरक्याविरुद्ध बोलायची छाती झाली नाही त्यांची. बायको बाजारातून आली तेव्हा सगळं संपलं होतं.

माणूस अडकलाय आणि हा मुडदा पितळ उचलतोय! लिहिताना पेनाचं टोक कागदात घुसलं. रागाने.

शनिवार, २५ सप्टेंबर

पापांना सांगितलं. वाटलं होतं, उठतील आणि त्याच्या डोमिनोच्या सोंगट्या गटारात फेकतील. कसलं काय. ब्लासाला म्हातारचळ लागलाय म्हणाले. मग म्हणाले, इतक्या दिवसांनी एक माणूस माझ्याशी दोन शब्द बोलतो, तेही तुला बघवत नाही. मी काय बोलले ते इथे लिहिणार नाही. ते जेवले नाहीत. मीही नाही.

आणि वर तो मेला संध्याकाळी येतो, पापांच्या पाठीवर थाप मारतो, आमच्या झाडाचा आवोकाडो खातो. माझ्याकडे बघून हसतो. तक्रार कुणाकडे करायची? समितीकडे? समिती म्हणजे तोच.

वर्कशॉपमध्ये गेले की मनगट धरलं जातं. आता वळवत नाही, आवळतं. उजव्या हातावर चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे काळेनिळे वण आहेत. पापांना सांगितलं, पान्हा सटकला. दुखतं. पण दुखतं तेव्हा डोकं शांत होतं. काय करायला हवं ते स्पष्ट कळतं.

तो सुटता कामा नये. बस्स.

रविवार, २६ सप्टेंबर

स्वतःच्या पायाने आला!

म्हणे मिगदालिया, पोरी, माझ्या कुकरची शिट्टी हरवली, तुझ्या सोन्यासारख्या हाताने एक कातून दे ना. अंगणातूनच बोलला. मी गोड हसले. देते की, म्हटलं, काका, तुम्हाला नाही द्यायची तर कुणाला?

आत गेले. लेथ माझी वाटच बघत होता. मी काही केलं असं म्हणवत नाही आणि केलं नाही असंही म्हणवत नाही. हातावर हात होता. कीस गळत होता, मस्त, लांब, चमकदार. शिट्टी तयार झाली तेव्हा तळहातावर घेऊन पाहिली. मी यंत्रं दुरुस्त करणारी बाई आहे, मला एका नजरेत कळलं. ही वाफ सोडणार नाही. वाफ कोंडेल, कोंडेल आणि मग झाकण.

भंगारात टाकता आली असती. पॉलिश केली. कपड्यात गुंडाळून त्याच्या हातात दिली. दागिना आहे गं हा, म्हणाला. माझ्या गालाला हात लावला.

एकटाच राहतो. एकटाच रांधतो, एकटाच खातो. कुणाला धक्का लागायचा नाही. आणि तो भाजून ओरडायला लागला ना, की मी जाऊन त्याच्या दाराला कडी घालणार आहे. रेडिओ मोठा करणार आहे. करणारच.

शनिवार, २ ऑक्टोबर

आठवडाभर कान त्याच्या घराकडे. काही नाही.

जिवंत आहे. ठणठणीत. सकाळी अंगण झाडत गात होता. कुकर लावायला त्याच्याकडे घेवडाच नव्हता म्हणे. रेशनचा घेवडा आज आला. सगळ्या गल्लीला वाटला. त्याने स्वतःच वाटला, म्होरक्या ना. मूठभर जास्त कुणी घेत नाही ना यावर डोळा. चोर तो चोर वर शिरजोर!

उद्या. उद्या रविवार, सगळ्यांकडे घेवडा शिजेल. त्याच्याकडेही.

झोप नाही. ताट तसंच उचललं. पापांनी कपाळाला हात लावून पाहिला, ताप नाही म्हणाले. माझ्याशी नीट बोलले, आठवड्यात पहिल्यांदा. तुझा राग मला कळतो म्हणाले. पण माणसाला एक संधी द्यावी. म्हणाले, मी बघतो काहीतरी, तुमचं दोघांचं जमवून देतो.

त्या भोळ्या जिवाला काय सांगू? काही सांगायची गरज उरणार नाही. उद्या.

मनगट आता वर्कशॉपबाहेरही सुटत नाही. जेवताना. आत्ता लिहितानाही—

रविवार, ३ ऑक्टोबर

सकाळी वीज गेली. वर्कशॉपमध्ये बसून आहे. इथून त्याच्या घराचा आवाज नीट येतो. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला की कळेल.

काही नाही अजून.

पापा अंगणातून ओरडून सांगतायत. खूश आहेत. म्हणे एवारिस्तो आलाय. आपला घेवडा घेऊन आलाय, आपल्यातच घालायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं, रुसवा सोडायचा. आपली शिट्टी ब्लासाकडेच आहे म्हणून—

म्हणून त्याने स्वतःची आणली. नवी कोरी. तुझ्याच हातची, म्हणाले. कुकर केव्हाचा लावलाय, तू ये हात धुऊन.

दार उघडत नाही.

ढकललं. खांदा लावला. बाहेरून कडी आहे. पापांनी घातली नसेल. एवारिस्तो इकडे पाऊलही टाकत नाही. मग कुणी—

लेथ सुरू झाला. वीज नाहीये. वीज नाहीये आणि लेथ फिरतोय, पट्टा किंचाळतोय. मी ओरडते ते मलाच ऐकू येत नाही.

पापांचा आवाज. झरोक्यातून. म्हणतायत वीज आली वाटतं, बघ लगेच कामाला लागली, ऐकते कुणाचं.

हातोडीने दार ठोकतेय. जोराने. ठोकाठोक. रोजचीच ठोकाठोक. अरे देवा, त्यांना रोजचीच वाटणार—

रेडिओ. आमच्या स्वयंपाकघरातला, बॅटरीवरचा. कुणीतरी मोठा केला. त्याने केला. त्याला हा लेथचा आवाज सहन होत नाही. मोठा, अजून मोठा—

पान फाडून दाराखालून सरकवते. दिसेल. कुणीतरी अंगणात येईलच.

पापा, कुकरपाशी जाऊ नका. झाकणाला, शिट्टीला, स्टोव्हला, कशालाही हात लावू नका. आहात तसे बाहेर या. अंगण ओलांडून रस्त्यावर जा. मी मुद्दाम केलं. मी

पान तिथेच आहे. फटीतून दिसतंय. कुणी उचलत नाही.

दुसरं. पापा, त्यालाही बाहेर काढा. एवारिस्तोलाही. हात धरून ओढा, हवं तर. त्याला काही होऊ नये, मला काही नको, फक्त तुम्ही दोघं—

कासिमिरो, सोड. हात सोड. तो माझा बाप आहे रे. त्याने तुझं काय केलं? त्याला ऐकू येत नाहीये म्हणून तो— सोड, लिहू दे—

शिट्टी एकदाही वाजली नाही. इतका वेळ झाला आणि एकदाही

पापा गातायत. रेडिओबरोबर. ताटं मांडल्याचा आवाज. एवारिस्तो हसतोय. पापा म्हणतायत, थांब, मीच बघतो शिजला का—

नको पापा न