परकरावरच्या तीन रेघा

पनवेल, मंगळवार, २९ मे १९५६

सकाळी धुणं वाळत घालताना सुमनचा परकर उन्हात धरला आणि त्यावरच्या तीन रेघा दिसल्या. पोर वाढली तशी दरवर्षी आतली दुमड उसवली, त्याच्या खुणा. संध्याकाळी ती म्हणाली, "आई, वर्गातल्या मुली रेघा मोजतात. विचारतात, 'यंदा चौथी का गं?' नवा शिवून घे, पण वाढत्या अंगाचा नको. माझ्या मापाचा."

चौदाव्या वर्षी मापाचा! वर्षात आखूड होणार. एवढा खर्च करावा का? मी नाही म्हटलं. पण कारण नुसतं खर्चाचं होतं का? ते कापड यांनी आणलेलं, जायच्या महिनाभर आधी. सगळ्यांत वरच्या रेघेएवढी सुमन त्यांनी पाहिली होती.

बुधवार. शिंप्याकडे सुमनचं माप दिलं. दुमड ठेवू नका, म्हणून सांगितलं. जुना परकर माझ्या ट्रंकेत ठेवला.