मंजूची शुगर

६ नोव्हेंबर
घाटकोपरला डॉक्टरबाईंकडे. मंजूने शेवटचं विचारून घेतलं, "बीज माझं आणि पोट हिचं, असं चालेल का?" बाई चांगल्या आहेत, तोंड वाकडं केलं नाही. पण कायद्यात बसत नाही म्हणाल्या. एकटी बाई म्हणून माझी फाइल, डोनर कोण ते कळणार नाही, मंजू कागदावर कुठेच नाही. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "सोबत कोण?" मी पटकन, "मैत्रीण." इतकी वर्षं एका घरात, एका पलंगावर, आणि मैत्रीण! मंजू पाणी प्यायला गेली.

९ नोव्हें.
इंजे. सुरू. पेनसारखं असतं, पोटात टोचायचं. मला सुई बघवत नाही, मंजूच टोचते. "हलू नकोस गं, डास चावला समज." टोचून झाल्यावर फुंकर घातली. तेव्हा वाटलं, हे मूल तिचंही होणार. कायदा गेला उडत.

११ नोव्हें.
दादाचा फोन. बोरिवलीला घराचं रंगकाम, आईला वास सोसत नाही, आठवडाभर नाहूरला आमच्याकडे. आई माझ्या खोलीत झोपणार. मंजूची उशी दुसऱ्या खोलीत. मी सांगायच्या आधी तिने स्वतःच नेली. आईच्या लेखी ती माझी रूममेट.

१३ नोव्हें.
वाट लागली. आई कुणाच्याही घरी गेली की फ्रिज पुसते. पेन हातात घेऊनच बाहेर आली. "हे इन्सुलिन कुणाचं?" बाबांना रोज टोचायची तीच, तिला पेन म्हणजे इन्सुलिनच वाटणार. मी म्हटलं, "मंजूचं. शुगर आहे तिला."
मंजू समोर पोहे खात होती. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढ्या लहान वयात गो?"
शी! काय बाई आहे मी.

१५ नोव्हें.
मंजूला सकाळी कारल्याचा रस. चहा बिनसाखरेचा. आईने ओल्या नारळाच्या वड्या केल्या आणि मंजूपुढे भाजलेले चणे ठेवले. वड्यांवर जीव आहे तिचा. नंतर आईने तिचे पाय तपासले, बोटांच्या बेचक्यात जखम नाही ना म्हणून. बाबांचा पाय कापावा लागला तेव्हापासून ही धास्ती. मंजूने मुकाट पाय पुढे केले.
मग ओट्यापाशी हळूच मला म्हणाली, "आजारी केलंस ते ठीक आहे यार. पण तुझी आई पहिल्यांदा माझ्याशी इतकी मायेनं वागतेय, आणि ती पण खोट्यावर."
तिच्याकडे बघायचीसुद्धा लाज वाटली. म्हटलं, आज सांगते आईला. नाही सांगितलं.

१७ नोव्हें.
स्कॅन चांगला. परवा सकाळी डोनरचं सॅम्पल आत सोडणार. बाई म्हणाल्या, सोबत घरचं कुणीतरी आणा. मी म्हटलं, मैत्रीण येईल. परत तेच! झडली कशी नाही माझी जीभ. मंजूने दोन दिवस रजा टाकलीय.
शेवटचं इंजे. मंजूच्या खोलीत घेतलं. कडी लावायची राहिली बहुतेक. दार हलल्यासारखं वाटलं. वारा असेल.

१८ नोव्हें.
वारा नव्हता.
सकाळी आईने मंजूच्या कपात दोन चमचे साखर घातली, ढवळून तिच्या हातात दिला. माझा फिका. "तुझ्या बाबांनी पण असंच लपवलं होतं माझ्यापासून," म्हणाली. डोळे भरलेले. "वेळेवर सांगितलं असतं तर पाय वाचला असता."
मंजू माझ्याकडे बघत राहिली. आता तरी बोल, असं. मी घोट घेतला.
आई दुखावली की मालवणीत शिरते. "माका नाय सांगलंस, आणि तिका ठाऊक? ती कोण गो तुझी?"
मी म्हटलं, ऑफिसला उशीर होतोय. आणि खरंच निघून आले. त्या दोघींना तिथे टाकून.
ऑफिसात बसून हे लिहितेय. आत्ताच मंजूचा मेसेज आला.
"आई परत विचारतायत. काय सांगू? मैत्रीण?"